रस्त्याकडेचा कचरा उचलला तरी तीन दिवसांत पुन्हा साचतो; काय करावे?

उंटवाडीकर

नमस्कार. आम्ही नाशिकच्या सिडकोत उंटवाडीजवळ राहतो. आमच्या कॉलनीच्या कुंपणाला लागून एक मोकळा भूखंड आहे आणि त्याच्या कडेने जाणारा दीडशे-दोनशे पावलांचा रस्ता पुढे नंदिनी नदीकडे उतरतो. या जागी पूर्वी कचराकुंडी होती. कुंडी जाऊन बरीच वर्षे झाली, पण लोकांच्या हाताची सवय गेली नाही. आजही तेथेच पिशव्या येऊन पडतात.

गेले पाच रविवार आम्ही आठ-नऊ जण सकाळी सात ते नऊ हा पट्टा साफ करीत आहोत. पहिल्या रविवारी चौदा पोती भरली, पाचव्या रविवारी अकरा. बुधवार उजाडेपर्यंत जागा पुन्हा पहिल्यासारखी होते, कुत्री पिशव्या फाडतात आणि गायी त्यांत तोंड घालून उभ्या असतात. सातवीत शिकणाऱ्या माझ्या मुलाने परवा विचारले, “आपण दर रविवारी उचलतो, म्हणूनच तर ते बिनधास्त टाकत नसतील ना?” त्याला देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

माझे प्रश्न दोन आहेत. कचरा उचलण्यापलीकडे काय केले म्हणजे तो पडायचाच थांबेल? आणि दुसरा थोडा घरचा आहे. पोती भरताना ज्या दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटे आणि भाजीच्या देठांनी भरलेल्या पातळ पिशव्या हाताला लागल्या, तशाच वस्तू आमच्याही स्वयंपाकघरातून रोज निघतात. आम्ही त्या घंटागाडीत देतो एवढाच फरक. त्या मुळात कमी कशा कराव्यात, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

सातपूरकर

आपल्या मुलाचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि आम्हीही त्यातून गेलो आहोत. सातपूरमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी असाच एक ब्लॅक स्पॉट होता. आम्ही जवळजवळ चार महिने नुसती पोती भरत राहिलो. त्यानंतर आमच्यातल्या एका निवृत्त कामगाराने सुचवले की पोत्यात भरण्यापूर्वी एक जुनी ताडपत्री अंथरा, कचरा तिच्यावर पसरा आणि तो काय सांगतो ते पाहा. कोणाचे नाव-पत्ता शोधण्यासाठी हे करायचे नाही, तो मार्ग भांडणाकडे जातो. येथे कोणत्या प्रकारचा कचरा किती येतो आणि कोणत्या वेळी येतो, एवढेच पाहायचे.

आमच्या ताडपत्रीवर तीन ढीग झाले. सर्वांत मोठा ढीग गाठ मारलेल्या लहान पिशव्यांचा होता. प्रत्येक पिशवीत एका-दोघांच्या जेवणाचा ओला कचरा, चहाचा चोथा, अंड्याची टरफले आणि एखादी दुधाची पिशवी. मोठ्या कुटुंबाचा कचरा असा नसतो. त्यावरून लक्षात आले की मागच्या चाळीत खोल्या घेऊन राहणारी, औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जाणारी मुले सकाळी साडेसहालाच बाहेर पडतात आणि घंटागाडी येते साडेनऊला. त्यांच्या दृष्टीने गाडी येतच नाही. त्यांना दोष देऊन काय उपयोग? खोलीत दोन दिवस कचरा साठवला तर वास सुटतो आणि घरमालक ओरडतो, म्हणून ते जाताजाता कोपऱ्यावर ठेवतात.

आम्ही त्या मुलांशी बोललो. तळमजल्यावर राहणाऱ्या एका आजींनी स्वतःहून दोन झाकणाच्या बादल्या आपल्या दारात ठेवायचे मान्य केले, एक ओल्यासाठी आणि एक सुक्यासाठी. मुले जाताना त्यांत कचरा टाकतात आणि गाडी आली की आजी किंवा शेजारची सून बादल्या पुढे करते. मुले सणासुदीला आजींना फळे आणून देतात. एवढ्या एका व्यवस्थेने तो मोठा ढीग जवळजवळ नाहीसा झाला. गाडीची वेळ बदलून मिळावी म्हणून आम्ही विभागीय कार्यालयात अर्जही दिला होता. वेळ बदलली नाही, पण आठवड्यातून दोनदा गाडी आमच्या गल्लीत आधी येऊ लागली.

दुसरा ढीग चहाच्या कागदी कपांचा होता. कप कागदी दिसत असला तरी आतून त्याला प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे तो धड कुजत नाही आणि रद्दीवालाही घेत नाही. टपरीवाल्या भाऊंना आम्ही शंभर काचेचे ग्लास वर्गणीतून आणून दिले. धुण्याच्या पाण्याची त्यांची अडचण खरी होती, म्हणून समोरच्या दुकानदाराने आपल्या नळाला पाइप लावू दिला. तिसरा ढीग राडारोड्याचा. तो घंटागाडी घेत नाही, त्यामुळे लोक रात्री टेम्पोतून आणून ओततात. त्यावर आम्हालाही अजून पक्का उपाय सापडलेला नाही.

आपल्या पट्ट्यावर ढीग वेगळे निघतील. म्हणून पुढच्या रविवारी पोती भरण्याआधी एकदा ताडपत्री अंथरून पाहा.

अंगणातली माती

मी दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. सातपूरकरांनी सांगितलेल्या पहिल्या ढिगाचा त्याच्याशी थेट संबंध आहे. पिशवी कुत्र्याने फाडावी, गायीने प्लास्टिकसकट गिळावी, तिला वास सुटावा आणि उचलणाऱ्याला मळमळावे, हे सर्व तिच्यातल्या ओल्या कचऱ्यामुळे होते. तो वेगळा काढला की उरलेला सुका कचरा आठवडाभर घरात राहिला तरी त्रास देत नाही, आणि स्वच्छ असल्याने भंगारवालाही आनंदाने नेतो. ओल्या कचऱ्याचे मोठे ढीग हवेशिवाय कुजतात तेव्हा त्यांतून मिथेन वायू निघतो. घरच्या बादलीत हवा खेळती ठेवली तर त्याच कचऱ्याचे खत होते.

मी फ्लॅटमध्ये राहते आणि माझे सगळे काम दीड फूट रुंदीच्या गॅलरीत चालते. रंगाच्या वीस लिटरच्या दोन जुन्या बादल्या घ्याव्यात. तापलेल्या सळईने त्यांच्या बाजूंना आणि तळाला भोके पाडावीत, खाली ताटली ठेवावी. तळाशी नारळाच्या शेंड्यांचा चार बोटे थर द्यावा. रोजचा ओला कचरा बारीक चिरून टाकावा आणि त्यावर त्याच्या दुप्पट वाळलेला पाला चुरून पसरावा. बहुतेकांचे येथेच चुकते. ते पाला टाकत नाहीत किंवा चिमूटभर टाकतात, मग बादलीत चिखल होतो आणि “खत करणे जमत नाही” असे म्हणून ती रिकामी केली जाते. सुरुवातीला वाटीभर आंबट ताक आणि दोन मुठी जुने खत घातले की जिवाणूंचे काम लवकर सुरू होते.

ओलावा योग्य आहे का, हे हाताने कळते. मिश्रण मुठीत दाबले की तळवा ओलसर व्हावा, पण थेंब गळू नये. नाकात झोंबणारा वास आला तर पाला कमी पडला आहे, कुजका वास आला तर हवा कमी पडते आहे, तेव्हा खुरप्याने खालीवर करावे. कधीकधी राखाडी, जाडसर अळ्या दिसतात. त्या घरमाशीच्या नसतात, कचरा खाणाऱ्या एका वेगळ्या माशीच्या असतात आणि फार झपाट्याने काम करतात, त्यांना घाबरून काही फवारू नये. आमच्या चार माणसांच्या घरात एक बादली साधारण महिन्यात भरते. ती झाकून ठेवावी आणि दुसरी सुरू करावी. चाळीस-पन्नास दिवसांनी पहिली उघडली की पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. डिसेंबर-जानेवारीच्या नाशिकच्या थंडीत हे काम मंदावते, तेव्हा बादली उन्हाच्या बाजूला सरकवावी. तेलकट उष्टे आणि हाडे मी टाकत नाही.

आपल्या कॉलनीत झाडलोट करून पाला जाळत असतील तर ते आजच थांबवा आणि तो पोत्यांत भरून ठेवा. त्याच्याइतकी उपयोगी वस्तू या कामात दुसरी नाही.

दुधाच्या पिशवीबद्दलही एक सांगते. आपण कोपऱ्याचा त्रिकोण कापून वेगळा करतो आणि तो नखाएवढा तुकडा केराबरोबर निघून जातो. पुनर्वापरासाठी पिशवी गोळा झाली तरी तो तुकडा कधीच परत येत नाही, नाल्यात आणि मातीत राहतो. कापताना तो पूर्ण तोडू नये, लटकता ठेवावा. मग पिशवी पाण्याने विसळून दोरीवर वाळवावी. भंगारवाला अशा पिशव्या किलोवर विकत घेतो.

पंचवटीकर

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. मी सुरक्षिततेबद्दल लिहितो, कारण उत्साहात तिकडे दुर्लक्ष होते. साध्या रबरी हातमोज्यांवर विसंबू नका. खिळे, ब्लेड आणि फुटलेल्या बाटल्या त्यांतून सहज आरपार जातात, म्हणून जाड मोजे, लांब चिमटा आणि बंद बूट हवेतच. सुई दिसली तर मुलांना बाजूला करून ती चिमट्याने जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकावी, झाकण घट्ट लावावे आणि बाटली सफाई कामगारांच्या हाती “यात सुई आहे” असे सांगून द्यावी. संक्रांतीनंतरच्या आठवड्यांत झुडपांत नायलॉन मांजा अडकलेला असतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो सापडतोच. तो ओढू नये, कात्रीने तुकडे करून काढावा. ओढताना बोट कापलेले मी पाहिले आहे.

नियमांचा आधारही आपल्याकडे आहे. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देणे २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच प्रत्येक घरावर बंधनकारक केले आणि रस्त्यावर, नाल्यात टाकणे किंवा जाळणे निषिद्ध ठरवले. आपल्या राज्यात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी जाहीर झाली, तिच्यात पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड ठरला. भाजीवाल्याला दंडाची धमकी देण्यापेक्षा कापडी पिशवी घेऊन जाणे मला अधिक परिणामकारक वाटते, कारण त्याला पिशवी द्यावी लागते ती आपण रिकाम्या हाताने जातो म्हणूनच.

एक विनंती मात्र आहे. भिंतीवर देवांच्या चित्रांच्या फरशा लावण्याचा उपाय कोणी ना कोणी सुचवीलच. आमच्याकडे तो करून पाहिला, कचरा वीस पावले पुढे सरकला आणि नंतर त्या फरशांभोवतीच निर्माल्य पडू लागले. गाडगेबाबांनी उभारलेली धर्मशाळा आपल्याच नाशकात आहे. दिवसा खराट्याने गाव झाडून रात्री कीर्तनात त्याच गावाशी बोलणारा तो माणूस होता. लोकांशी बोलण्याचे काम त्यांनी कधी टाळले नाही, ते आपण फरशीवर सोपवू नये असे मला मनापासून वाटते.

आपला रस्ता नंदिनीकडे उतरतो हेही ध्यानात ठेवा. जूनच्या पहिल्या जोरदार सरीत जे काही कडेला असेल ते नदीत आणि तेथून गोदावरीत जाणार. २०२७च्या सिंहस्थात रामकुंडावर लाखो लोक येतील, पण मला चिंता आहे ती टाकळीच्या पुढे, खालच्या गावांत नदीचे पाणी वापरणाऱ्यांची. शक्य असेल तर पावसाळ्यापूर्वी एक रविवार फक्त गटारीच्या तोंडाशी काम करावे.

उंटवाडीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण करून पाहिल्याशिवाय उत्तर द्यावे असे वाटले नाही.

ताडपत्री अंथरली तेव्हा आमचा अंदाज पूर्ण चुकला होता असे दिसले. आम्ही मागच्या वस्तीला दोष देत होतो. सर्वांत मोठा ढीग निघाला तो नारळाच्या करवंट्या, हार, अगरबत्तीची रिकामी पाकिटे आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या फुलांचा, म्हणजे आमच्याच आसपासच्या इमारतींतल्या देवघरांचा. निर्माल्य कचऱ्याच्या गाडीत द्यायला मन धजत नाही, म्हणून माणसे ते नदीच्या वाटेवर नेऊन ठेवतात. माझ्या सासूबाईंनीही तेच केले होते, हे त्यांनी त्या संध्याकाळी स्वतः सांगितले.

आता कॉलनीच्या दाराशी ताईंनी सांगितल्याप्रमाणे भोके पाडलेला एक मोठा ड्रम ठेवला आहे. त्यावर सासूबाईंनी आपल्या हाताने “निर्माल्य” असे लिहिले आहे. फुले सुटी करून, दोरा आणि प्लास्टिक काढून टाकायचे आणि वर पाला पसरायचा. दोरे वेगळे काढण्याचे काम माझा मुलगा आणि त्याचे दोन मित्र करतात. तयार होणारे खत कॉलनीतल्या तुळशींना द्यायचे, असे सासूबाईंनी ठरवले आहे आणि त्यामुळे शेजारच्या दोन इमारतींतूनही फुले येऊ लागली आहेत.

या रविवारी चार पोती भरली. त्यांतली दीड राडारोड्याची होती. फरशीचे तुकडे ताजे आहेत, म्हणजे जवळच कोठे तरी काम चालू आहे. सातपूरकर, गाडीच्या वेळेसाठी आपण दिलेल्या अर्जाचा मजकूर येथे देऊ शकाल का? राडारोड्याचा अर्ज त्याच धर्तीवर लिहीन. सोमवारी विभागीय कार्यालयात जाणार आहे.