वजनाचं इंजेक्शन आणि भूल: आठवडाभर बंद की चालू? कोल्हापूरच्या तीन डॉक्टरांची चर्चा

भूलतज्ज्ञ, राजारामपुरी
सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही वजन आणि मधुमेहाची इंजेक्शनं घेणाऱ्याचं जठर सावकाश रिकामं होतं. रात्रीपासून उपाशी असूनही पोटात घास सापडतो. भूल चढताना तो उलटून फुफ्फुसात गेला तर जिवावर बेततं. अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटनेनं जून 2023 मध्ये सांगितलं होतं : आठवड्याचं इंजेक्शन ऑपरेशनच्या आठवडाभर आधी बंद, रोजचं फक्त ऑपरेशनच्या दिवशी. आपल्याकडच्या छोट्या दवाखान्यांनी हाच नियम सरसकट पाळावा.

फिजिशियन, ताराबाई पार्क
साफ नामंजूर. सेमाग्लुटाइड सात दिवसांनीही साधारण निम्मं अंगात असतं. म्हणजे पोट मंदच, वर मधुमेह्याची शुगर चढलेली. ऑक्टोबर 2024 च्या अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनांच्या संयुक्त मार्गदर्शनात म्हणूनच सरसकट बंदी राहिली नाही. डोस वाढवणं चालू आहे, डोस मोठा आहे, मळमळ किंवा पोट गच्च आहे, असे रुग्ण वेगळे काढा. धोका वाटतो त्यांना आधीचे 24 तास पातळ आहार. आणि हो, पातळ म्हणजे पांढरा रस्सा नव्हे! नारळाचं दूध, खसखस, मटणाची चरबी, सगळं त्यात आलं. शेवटचे दोन तास काहीच नाही. त्याआधी पाणी किंवा कोरा चहा चालेल.

भूलतज्ज्ञ, राजारामपुरी
मळमळ विचारली की "काही नाही" म्हणतात, ऑपरेशन पुढं जाईल ही भीती. सोनोग्राफीत उजव्या कुशीवर जठराचा खालचा भाग बघता येतो : घन अन्न, किंवा किलोमागे 1.5 मिलीहून जास्त पाणी (60 किलोला 90 मिली) दिसलं की पोट भरलेलं धरायचं. पण पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याच्या) नोंदणीमुळं मशीन थिएटरात सहज आणता येतं का?

आयसीयू डॉक्टर, शाहूपुरी
इंजेक्शनवरच अडकलात दोघं. लघवीवाटे साखर काढणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या बघा : डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन किमान 3 दिवस आधी बंद हवं, अर्टुग्लिफ्लोझिन 4. रुग्ण सांगतो "शुगरची गोळी", आणि ती निघते मेटफॉर्मिनसोबतची मिक्स. स्ट्रिप मागा, मागचं बारीक अक्षर वाचा. शेवट "ग्लिफ्लोझिन" दिसला की थांबा. चुकलं तर रक्तात कीटोन ही आम्लं साठतात : ऑपरेशननंतर उलट्या, धाप, आणि ग्लुकोमीटरवर 170. सगळे निर्धास्त! रक्तातले कीटोन आणि एबीजी (रक्तातली आम्लता दाखवणारी तपासणी) करा, नुसत्या लघवीच्या पट्टीवर जाऊ नका. इन्सुलिनबरोबर डेक्स्ट्रोजही (साखरेचं सलाइन) लागतं, नाहीतर शुगर पडते आणि कीटोन तसेच राहतात.

भूलतज्ज्ञ, राजारामपुरी
गोळ्यांचं मान्य. इंजेक्शनचं नाही : मशीन नसेल तिथं माझा आठवडा कायम, फक्त मधुमेह्याची शुगर त्याच्या फिजिशियनने सांभाळावी. इमर्जन्सीत पोट भरलेलंच समजा : डोकं उंच, सक्शन चालू, तीन मिनिटं ऑक्सिजन, स्नायू सैल करणारं रोक्युरोनियम 1.2 मिग्रॅ/किलो, आणि श्वासनलिकेत ट्यूब पडेपर्यंत शक्यतो श्वास देणारी बॅग दाबायची नाही.