आकडा मोजतात कसा? लोकप्रियता आणि खरी कामगिरी : अनुभव धागा

फॉलोअर्स वाढले म्हणजे हातातली विद्या वाढली का? ज्या क्षेत्रात तुमचं रोजचं काम आहे तिथे कामगिरी कशी मोजतात आणि ऑनलाइन आकडा नेमका कुठे फसवतो, ते लिहा. मतं थोडी, तपशील भरपूर.

व्हिडिओ संपादन

३१ मार्च २०२५ पासून यूट्यूब शॉर्ट्सवर व्हिडिओ सुरू झाला किंवा पुन्हा पहिल्यापासून फिरला, की व्ह्यू धरला जातो. किती सेकंद पाहिला याची अट नाही. अंगठ्याने वर सरकवताना ओझरता दिसलेला व्हिडिओही त्यात येतो. कमाईसाठी मात्र ‘एंगेज्ड व्ह्यूज’ धरतात, म्हणजे पाहणारा थांबला असेल तेवढेच.

लांब व्हिडिओ असेल तर आधी रिटेन्शनचा, म्हणजे कितव्या सेकंदापर्यंत किती प्रेक्षक टिकले याचा, आलेख उघडा. पहिल्या ३० सेकंदांत रेघ धाडकन खाली येत असेल, तर थंबनेलने जे कबूल केलं ते प्रेक्षकाला वेळेवर मिळालेलं नाही. मध्येच उंचवटा दिसला तर लोक तिथे मागे जाऊन पुन्हा पाहताहेत: भाग फार उपयोगी आहे, नाहीतर समजलेला नाही. कोणतं ते प्रतिक्रिया वाचल्यावरच कळतं. शिकवण्याच्या व्हिडिओखाली ‘करून पाहिलं, तिसऱ्या पायरीला अडलं’ ही एक ओळ हजार बदामांपेक्षा मोलाची.

धावण्याचं प्रशिक्षण

‘१०० मीटर ११ सेकंदांत’ अशी रील दिसली की तीन गोष्टी विचारा. घड्याळ कोणतं? हाताने लावलेल्या वेळेची इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करताना तीत ०.२४ सेकंद मिळवण्याचा प्रघात आहे, कारण बंदुकीच्या आवाजावर बोट उशिरा दाबलं जातं. वारा किती होता? पाठीमागून सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त वेग असेल तर ती वेळ विक्रमासाठी धरत नाहीत. आणि वेळ फोनच्या व्हिडिओवरून काढली आहे का? सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एक फ्रेम ०.०३३ सेकंदाची. शतांश सेकंद त्यातून निघतच नाही. होतकरू मुलं अशा रीलशी स्वतःची तुलना करून खचतात, म्हणून हे तपासायला त्यांना पहिल्याच महिन्यात शिकवावं.

बुद्धिबळ

पटावर मापदंड स्पष्ट आहे. ग्रँडमास्टर किताबासाठी फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) रेटिंग २५०० पर्यंत जावं लागतं आणि किमान २७ डावांचे नॉर्म, म्हणजे किताबाच्या तोडीची स्पर्धेतली कामगिरी, लागतात. नॉर्मच्या स्पर्धेत कामगिरी २६०० च्या तोडीची हवी, प्रतिस्पर्ध्यांत किमान तीन ग्रँडमास्टर हवेत. ऑनलाइन रेटिंग या आकड्याशेजारी ठेवू नका. खेळणाऱ्यांचा गट वेगळा आणि वेळही वेगळी. एक मिनिटाच्या डावात नुसतं समोरच्याचं घड्याळ संपवूनही जिंकता येतं.

सरावात प्रगती पाहायची तर संथ डाव लिहून ठेवा. आधी इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) न लावता, कुठे काय विचार केला होता ते समासात लिहा, मग इंजिन लावा. उलटा क्रम केला की स्वतःची चूक समजल्याचा नुसता भास होतो.

सॉफ्टवेअर

गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर प्रकल्पाला मिळालेला तारा म्हणजे बहुतेकदा ‘नंतर पाहू’ म्हणून ठेवलेली खूण. शेवटची आवृत्ती कधी आली, नोंदवलेल्या त्रुटींना उत्तर मिळतं का, एकच माणूस सगळं ओढतोय का, ते बघा.

संशोधन

आमच्याकडे जीवशास्त्रज्ञ नील हॉल यांनी २०१४ मध्ये ‘जीनोम बायॉलॉजी’ या नियतकालिकात ‘कार्दाशियन इंडेक्स’ मांडला. नाव किम कार्दाशियन या प्रसिद्धीसाठीच प्रसिद्ध असलेल्या व्यक्तीवरून. मांडला गमतीत, पण हिशेब करून पाहण्याजोगा आहे. उद्धरणांच्या (इतरांनी आपल्या निबंधांचा संदर्भ दिल्याच्या) संख्येचा ०.३२ घात घ्यायचा आणि ४३.३ ने गुणायचं. येतील ते अपेक्षित ट्विटर फॉलोअर्स. १००० उद्धरणांना साधारण ३९५ येतात. प्रत्यक्ष फॉलोअर्सना या आकड्याने भागलं की निर्देशांक: ४००० असतील तर १० च्या आसपास. ५ च्या वर गेला की नाव कामाच्या पुढे पळतंय, असं हॉल यांचं म्हणणं.

पण हे सूत्र कोणाला कमी लेखायला वापरू नये. विज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्याचा आकडा वर जाणारच, आणि ते कामही कष्टाचं आहे. उद्धरणंही उशिराने जागी होतात. कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांचा बदललेल्या आरएनएवरचा शोधनिबंध २००५ चा. तेव्हा त्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. नोबेल मिळालं २०२३ मध्ये. त्यामुळे उमेदवार निवडताना दोन्ही आकडे बाजूला ठेवून त्याचे तीन निबंध मागवावेत आणि पद्धतीचा भाग आधी वाचावा.