मदत हवी आहे: मॉरिस मायनरची टायमिंग चेन बदलताना अडलोय

गाडी मॉरिस मायनर 1000, इंजिन 1098 सीसी ए-सिरीज. आयडलिंगला पुढून सतत खडखड यायची. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनवर 0.012 इंचाला लावले, ऑइल बदललं, फॅनबेल्ट काढूनही ऐकलं, आवाज तसाच. शेवटी रेडिएटर उतरवून टायमिंग कव्हर, म्हणजे क्रँकशाफ्टवरून कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या चेनवरचं झाकण, उघडलं. चेन बोटाने दाबली तरी लुळी पडते, आणि कॅम गिअरवरच्या, चेन ताणून धरणाऱ्या रबरी रिंगा कडक होऊन त्यांचे तुकडे कव्हरच्या तळाशी पडलेत. दोन्ही गिअरवरच्या खुणा समोरासमोर आणून ठेवल्या आहेत.

जुनी चेन एकेरी आहे. आता दुहेरी चेनचा सेट बसवायचाय, कारण ही गाडी मला अजून बरीच वर्षं चालवायची आहे. पण दुहेरी गिअरला त्यामागच्या फ्रंट प्लेटच्या दोन बोल्टची डोकी आड येतात. तिथे काउंटरसंक स्क्रू (भोकाचं तोंड उतरतं कापून डोकं आत सपाट बसणारे) लावावे लागतात.

इंजिन उतरवायची सोय नाही, संपही (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी) शक्यतो उघडायचा नाही. फ्रंट प्लेट जागेवर ठेवूनच ती दोन भोकं काउंटरसंक केलेलं कोणी आहे का? केलं असेल तर धातूचा कीस संपमध्ये जाऊ नये म्हणून काय केलंत?