पेटी, पाय आणि पंच: ताठा कुठे अडकला?

ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे, म्हणून हा धागा. 'नम्र व्हा' हा उपदेश सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलाय, तो इथे नको. आपला ताठा नेमका कुठे अडकला तेवढं सांगा. सुरुवात माझ्यापासून.

अहिल्यानगरला आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी २२ वर्षं पेटी वाजवतोय. मागच्या वर्षी कीबोर्डवाला एक पोरगा आला. चांगला वाजवतो, हीच अडचण. एका रविवारी गाणार तो होता आणि सूर देणार मी. नेहमीचं गीत पांढरी दोनमध्ये असतं, मी मुद्दाम चढा सूर, पांढरी चार दिली. त्याचा आवाज फाटला, पण त्याच्याबरोबर सगळ्यांचाच फाटला. पहिल्या बाकावरच्या आजी दुसऱ्या कडव्याला गप्प झाल्या, पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. उपासना संपल्यावर मलाच म्हणाल्या, "वय झालं रे आता, सूर लागत नाही." मी काही बोललो नाही. ते गप्प बसणं अजून टोचतं.

वसईहून
पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या आठवणीत फादर बारा जणांचे पाय धुतात; त्या बारा जणांत माझं नाव आलं. मी काय केलं? दुपारी घरी वजरी घेऊन टाचा घासल्या, नखं कापली, साबणाने दोनदा पाय धुतले. बायको म्हणाली, "मग फादर काय धुणार?" विधीला माझ्या शेजारी कोळीण मावशी बसल्या होत्या. (२०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी स्त्रियांनाही या विधीत घ्यायला परवानगी दिली, म्हणून.) त्या बाजारातून थेट आल्या होत्या. त्यांचे भेगाळलेले पाय फादरांनी धुतले, पुसले, आणि मावशी रडत होत्या. माझ्या पायांवर पाणी पडलं तेव्हा मी फोटो नीट येतोय का ते बघत होतो.
बायबलात योहानाच्या १३व्या अध्यायात शिष्य पेत्र येशूकडून पाय धुऊन घ्यायला नकार देतो, ती मला नम्रताच वाटायची. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मुलाने माझे पाय धुवायला घेतले आणि मी त्याच्यावर खेकसलो, तेव्हा तो पेत्र कळला.

पुण्याहून
आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती. हे मी कोणी न विचारताही सांगते, हाच माझा आजार. प्रार्थनासभेत नव्याने आलेली एक बाई 'येशू माउली' म्हणाली. मी संडेस्कूलची टीचर! सगळ्यांसमोर तिला सांगितलं, "ताई, आपल्यात असं म्हणत नाहीत." त्यानंतर कित्येक महिने ती मोठ्याने प्रार्थना करेना. आता गंमत बघा. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, आणि त्यांनी ख्रिस्ताला माउलीच म्हटलंय. तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगायचे. ते माउलीचं गीत मी शंभर वेळा गायलंय! गाताना शब्द तोंडात, कानात मात्र मीच. तिची माफी मागायला तिच्या घरी गेले. तिने आधी चहा टाकला, मग म्हणाली, "मला वाटलं, खरंच चुकलं असेल."

दुबईहून
पहाटे चारला प्रार्थनेला उठतो. साडेचारला स्टेटस टाकतो. बाकी तुम्ही समजून घ्या. अजून सुटलेलं नाही.

नाव नको, गावही नको
मी जरा वेगळं लिहिते, राग मानू नका. वार्षिक सभेत अर्पणाचा हिशेब विचारला. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एकजण उभे राहिले, बायबलातल्या फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचला आणि म्हणाले, "बहिणीने नम्रता शिकावी." त्या अध्यायात ज्याच्याकडे सगळं होतं त्या ख्रिस्ताने ते सोडलं. माझ्याकडे सोडायला होतं काय, एक प्रश्न! नम्रतेचे धडे नेहमी मागच्या बाकालाच का मिळतात? माझा अनुभव असा की त्या दिवशी गप्प बसले ती नम्रता नव्हती, भीती होती. पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं. आवाज न चढवता. हिशेब मिळाला, अर्धा.

धागाकर्ता
शेवटचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्याकडे सूर ठरवायचा मान माझ्याकडेच आहे, त्यामुळे त्यातलं पंचांचं मला लागू.
काल सरावाला पोराला म्हटलं, आजपासून सूर तू दे. तो गोंधळला. मग सांगितलं, त्या रविवारी पांढरी चार मी मुद्दाम दिली होती. तो म्हणाला, "माहितीय अंकल." आणि पांढरी दोन दाबली.
आजींना अजून सांगायचंय.