घोडा दिलात, खुराकाचं काय?

साताऱ्याच्या सैनिक शाळेला मिळणाऱ्या देणग्यांवरून कुणीतरी विचारलं, "सैनिक शाळेला सरकार पोसतं, मग माजी विद्यार्थ्यांकडून देणग्या कशाला?" हा मुद्दा अर्धाच पटला. साताऱ्याची शाळा १९६१ची, देशातली पहिली. कारभार संरक्षण मंत्रालयाच्या सोसायटीकडे. सरकारी पैसा नि फी यांत वर्ग, मेस चालतं. बँड, बॉक्सिंग, ट्रेकिंग म्हटलं की हात आखडतो, तिथे देणगी कामाची.

पण देणाऱ्यांना वस्तूवर नावाची पाटी हवी असते, हे कुणी बोलत नाही. आमच्याकडच्या एका निवासी शाळेला झकास बँडसेट मिळाला होता. दोन पावसाळ्यांत ड्रमचं कातडं सैल, बिगुलावर हिरवे डाग, आणि मानधनाअभावी बँडमास्तर गायब. पाटी मात्र चकचकीत! घोडा द्यायचा तर खुराक, नाल नि मोतद्दाराचा (घोड्याची निगा राखणाऱ्याचा) पगारही धरा, नाहीतर सरळ प्रशिक्षकाच्या मानधनाला पैसे द्या.