चटणीचा तेलकट डाग ओट्यावरून जाईना, आणि बेसिनचा मार्बल पांढुरका पडलाय

जुळेसोलापूरकर:
ओटा करड्या ग्रॅनाइटचा आहे, ९ वर्षांचा. भोगीच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी शेंगाचटणी कुटली आणि तेल सुटलेला खलबत्ता रात्रभर ओट्यावरच राहिला. सकाळी बघते तर बुडाएवढा काळपट गोल! भांड्याचा साबण झाला, गरम पाणी झालं, काथ्यानं घासून झालं. ओला असताना दिसत नाही, वाळला की परत वर.
दुसरं दुखणं बाथरूमचं. आमच्याकडं वापरायला बोअरचं पाणी, त्यामुळं नळाच्या बुडाशी क्षार साठतात. मावशींनी ते काढायला बेसिनच्या पांढऱ्या मार्बलवर फरशीचं ॲसिड टाकलं. क्षार गेले, पण तिथली चमकही गेली, हाताला खरखर लागतं. एक दुकानदार म्हणाला, सगळा स्लॅबच बदला. खरंच बदलावा लागेल का?

शेळगीची_सून:
ताई, दोन्हीला लिंबू आणि खायचा सोडा लावा. माझी तांब्याची घागर त्यानंच लखलखते.

पॉलिशवाला_अक्कलकोटरोड:
शेळगीच्या ताई, घागरीला चालतं ते मार्बलला चालत नाही. लिंबू लावूच नका. २२ वर्षं मी दगड घासतोय, लिंबू-चिंचेनं खाल्लेले ओटे बघून जीव हळहळतो.
जुळे सोलापूरच्या ताई, तुमची दोन दुखणी वेगवेगळी आहेत. ओट्यावर डाग आहे, म्हणजे तेल दगडाच्या बारीक छिद्रांत मुरलंय. दगडाला काही झालेलं नाही. वरून कितीही घासलं तरी आतलं तेल हलणार नाही, ते शोषूनच बाहेर काढायचं. मुलतानी मातीत भांड्याचं लिक्विड आणि थोडं पाणी घालून श्रीखंडाएवढं घट्ट कालवा. डागाच्या बाहेर दोन बोटं जाईल असा जाड लेप द्या, वर प्लास्टिक आणि कडेनं चिकटपट्टी. २४ तासांनी प्लास्टिक काढा, पण लेप तसाच राहू द्या, आपोआप वाळू दे. वाळतानाच तो तेल वर ओढतो. मग लाकडी उलथन्यानं खरवडा. एका लेपात भागत नाही, दोन-तीन लागतात. पांढऱ्या दगडावर मात्र ही माती नको, रंग धरू शकते; तिथं खायचा सोडा नुसत्या पाण्यात कालवायचा.
बेसिनचा तो डाग नव्हेच. मार्बल म्हणजे चुनखडीचाच भाऊ, ॲसिड पडलं की वरचा थर विरघळतो. विरघळलेलं लेपानं परत येत नाही, डायमंड पॅडनं, म्हणजे हिऱ्याच्या भुकटीच्या चकतीनं, पाणी मारत घासून पॉलिश करावं लागतं. दोन-चार तासांचं काम. स्लॅब मुळीच बदलू नका!
पुढं सिलर, म्हणजे दगडाची छिद्रं बंद करणारं द्रावण, मारून घ्या. आधी ओट्यावर चमचाभर पाणी टाकून दहा मिनिटं थांबा. खाली दगड काळवंडला तर तो पाणी पितोय, सिलर हवा. नाही काळवंडला तर पैसे घालवू नका. आणि सिलर मारला तरी मार्बलवर ॲसिड नको, सिलर डाग थोपवतो, ॲसिड नाही.

कडप्पावाली:
दादा, आमच्या जुन्या घरात काळा कडप्पा आहे. चिंचेचा कोळ सांडला की पांढरे ठिपके पडतात. तेही हेच का?

पॉलिशवाला_अक्कलकोटरोड:
हेच. कडप्पा, कोटा आणि आपल्या शेजारची शहाबादी, तिन्ही चुनखडीच्या. वाडीच्या अलीकडं शहाबाद स्टेशन लागतं ना, तिथली फरशी. कोळ सांडला की लगेच ओल्या फडक्यानं टिपा. पूजेची भांडी चिंचेनं घासायची तर मोरीत घासा, ओट्यावर नको.

जुळेसोलापूरकर:
दादा, दुसरा लेप काल खरवडला. गोल गेला! खिडकीकडच्या बाजूला नखाएवढी कड राहिलीय, तिसरा लेप आत्ताच दिला. सासूबाई दिवसभर मनाला लावून बसल्या होत्या, त्यांनीच माती कालवली. बेसिनला पॉलिशवाले रविवारी येतायत.

पॉलिशवाला_अक्कलकोटरोड:
छान झालं. पॅडचं काम पाणी मारूनच करायला सांगा, कोरडं घासू देऊ नका. आणि तिसरा लेप पूर्ण वाळेपर्यंत काढू नका, ती कड शेवटीच सुटते.