एफओव्ही १६० केला म्हणजे डिफ्यूजन सुधारलं?

नाशिकरोडची टेक्निशियन
काल इथे एकाने लिहिलं: 'प्रोस्टेटच्या एमआरआयमध्ये डिफ्यूजनला (पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणाऱ्या इमेजला) एफओव्ही, म्हणजे इमेजमध्ये येणारा भाग, २४० मिलिमीटरवरून १६० केला, मॅट्रिक्स, म्हणजे एका बाजूचे पिक्सेल, १२८ तसंच ठेवलं. इमेज एकदम शार्प. सगळ्यांनी हेच करा.' बारा वर्षं मशीनवर काढल्यावर हे वाचून गप्प बसवत नाही. पिक्सेल १.८८ मिलिमीटरवरून १.२५ वर आला, म्हणजे क्षेत्रफळ ४४ टक्के उरलं आणि सिग्नलही तेवढाच. तो भरून काढायला अ‍ॅव्हरेज (तीच मोजणी पुन्हा करण्याच्या फेऱ्या) पाचपट हवेत. केले का? बी म्हणजे डिफ्यूजनचा जोर; बी ५० ची इमेज छानच दिसणार. बी १४०० उघडून बघा, ग्रंथी शोधावी लागेल. सिग्नल नॉइजच्या तळाला टेकला की एडीसी (पाणी किती मोकळं हलतं त्याचा आकडा) उगाच कमी येतो, आणि कमी एडीसी दिसला की वर रिपोर्टमध्ये कॅन्सरचा संशय लिहिला जातो, ते तुम्हाला माहीत आहे.

गंगापूररोड एमआर
पोस्ट माझीच. सिग्नलचं ठीक आहे ताई, पण डिस्टॉर्शनवर (इमेज वाकडी होण्यावर) एक शब्द नाही तुमचा. ईपीआयमध्ये (डिफ्यूजनची झटपट स्कॅन पद्धत) रेक्टममधल्या (गुदाशयातल्या) गॅसशेजारची इमेज किती मिलिमीटर सरकणार, ते फेजच्या (ओळी ज्या दिशेने एकेक भरतात त्या दिशेच्या) एफओव्हीवर ठरतं. पाय-रॅड्स २.१ (प्रोस्टेट एमआरआयची मार्गदर्शक तत्त्वं) मध्येही १६ ते २२ सेंटीमीटरच दिलंय. तुमचं २४० त्यात बसत नाही.

नाशिकरोडची टेक्निशियन
त्याच ठिकाणी पिक्सेल २.५ मिलिमीटरपर्यंत चालेल असंही दिलंय. अर्धंच का वाचता? १६० ला मॅट्रिक्स ८० ठेवा. पिक्सेल २ मिलिमीटर, ओळी कमी, सिग्नल शाबूत. तुम्ही रीडआउटचा (फेजला आडव्या दिशेचा) पिक्सेलही बारीक केलात, त्याने इको स्पेसिंग (दोन ओळींमधला वेळ) वाढतं आणि डिस्टॉर्शनही. कमावलं त्यातलं थोडं तिथेच घालवलं. आणि १६० च्या बाहेरचं शरीर कुठे जातं? रॅप होऊन (दुमडून) ग्रंथीवरच येऊन बसतं.

आडगाव रेसिडेंट
रॅप नको असेल तर झूम एक्सायटेशन वापरा, फेजमध्ये ८० मिलिमीटरच उत्तेजित करा. २ मिलिमीटर पिक्सेलला २४० मध्ये १२० ओळी लागतात, इथे ४०; ओळी कमी तर डिस्टॉर्शन कमी.

नाशिकरोडची टेक्निशियन
डॉक्टर, २४० ला पॅरलल इमेजिंग २ लावलं (एकाआड एक ओळ गाळली) की ६० च ओळी राहतात. खरी तुलना ६० आणि ४० ची आहे. शिवाय ज्यांच्याकडे जुनं १.५ टेस्लाचं मशीन आहे त्यांनी झूम आणायचं कुठून?

सिडको सीटीवाला
ओळी मोजताय, पण रेक्टममधला गॅस कोण काढणार? माझे वडील सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीने आले होते. सकाळी पोट साफ करून या, एवढं एक वाक्य त्यांना कुणी सांगितलं नाही. पंधरा मिनिटांत स्कॅन उरकला. रिपोर्टमध्ये लिहून आलं, डिफ्यूजन वाचण्याजोगं नाही. पुन्हा पैसे, पुन्हा तोच प्रवास, आणि मधले तीन आठवडे घरात कुणी नीट जेवलं नाही.

गंगापूररोड एमआर
दादा, स्लॉट टेक्निशियन ठरवत नाही. दिवसाला किती पेशंट घ्यायचे ते वरून येतं. पोटाचं रिसेप्शनने सांगायला हवं.

सिडको सीटीवाला
'वरून येतं' हे ऐकून कान किटले! टेबलवर घेण्याआधी 'शौचाला जाऊन या' म्हणायला कुणाची परवानगी लागते? लोकलायझरमध्ये (सुरुवातीच्या झटपट इमेजमध्ये) गॅस दिसत होता. दिसला तर थांबवायचं. मी सीटीवर रोज थांबवतो आणि बोलणी खातो.

आडगाव रेसिडेंट
हे आमच्याकडेही घडतं. गॅस असला तर फेज डावी-उजवी घेतो. ताण बाजूला जातो, मागची पेरिफेरल झोन (ग्रंथीचा बाहेरचा भाग) निदान वाचता येते. पण गॅस ३ टेस्लावर जास्तच नडतो, हे खरं.

नाशिकरोडची टेक्निशियन
सीटीवाले दादा, तुमचं पटलं. मीसुद्धा घाईत विचारायचं विसरले आहे. पण म्हणून १६० आणि १२८ ची जोडी बरोबर ठरत नाही.

गंगापूररोड एमआर
'सगळ्यांनी हेच करा' मागे घेतो. सोमवारी १६० ला ८० लावून, बी १४०० चे अ‍ॅव्हरेज वाढवून बघतो. एफओव्ही मात्र २४० वर नेणार नाही.

सिडको सीटीवाला
आणि पेशंटला विचारणार का, ते अजून सांगितलं नाहीत.